अंगठ्याचं मशीन

रेशन दुकानात गव्हाची पोती आणि वजनकाटा यांच्या मधल्या टेबलावर ते बसलेलं असतं. काळं, हातात मावेल एवढं. वरच्या अंगाला पावतीच्या कागदाची गुंडाळी, मध्ये लहानसा पडदा आणि कडेला बोट टेकवण्यापुरती काच. सरकारी कागदांत त्याचं नाव ई-पॉस यंत्र, पण गावात त्याला अंगठ्याचं मशीन म्हणतात. महिन्याचं धान्य आलं की घराघरांतून पहिली चौकशी त्याचीच होते. दुकान उघडलं का, हे नंतर. आधी विचारतात, "मशीन अंगठे घेतंय का आज?" तांदूळ उतरलेला असतो, दुकानदार गादीवर असतो, पिशव्या घेऊन बाया दाराशी बसलेल्या असतात, पण याला रेंज मिळेपर्यंत कशालाच सुरुवात होत नाही.

त्याची काम करण्याची पद्धत ठरलेली आहे. दुकानदार शिधापत्रिकेचा बारा अंकी नंबर टाकतो. पडद्यावर त्या घरातल्या माणसांची नावं येतात. समोर जो उभा आहे त्याच्या नावावर खूण करायची आणि बोट काचेवर ठेवायला सांगायचं. काचेखाली दिवा लागतो. बोटाच्या ज्या रेषा काचेला टेकतात तिथे प्रकाश शोषला जातो आणि त्या काळ्या दिसतात. दोन रेषांमधल्या खाचा काचेला टेकत नाहीत, तिथून प्रकाश परत फिरतो आणि त्या उजळ दिसतात. असं बोटाचं काळंपांढरं चित्र तयार होतं. पण मशीनला अख्ख्या चित्राशी फार कर्तव्य नाही. ते खुणा शोधतं: रेष कुठे संपली, कुठे एकीच्या दोन झाल्या, ती वळण कोणत्या दिशेला घेते. चांगल्या उमटलेल्या ठशात अशा काही डझन खुणा सापडतात. त्या खुणा कुलूपबंद सांकेतिक रूपात आधारच्या केंद्रीय साठ्याकडे जातात. हा साठा बेंगळुरू आणि हरियाणातलं मानेसर इथल्या केंद्रांत सांभाळलेला आहे. तिथे त्या माणसाच्या आधार नंबराच्या नावे पूर्वी घेतलेला ठसा असतो. दोघांची तुलना होते आणि काही सेकंदांत उत्तर येतं. उत्तर दोनच प्रकारचं असू शकतं, हो किंवा नाही. हो आलं की वाट्याचे किलो पडद्यावर दिसतात, पावती करकरत बाहेर येते आणि माप सुरू होतं. अंत्योदयच्या पिवळ्या कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. त्यासाठी आता फक्त बोट जुळावं लागतं.

मशीनला स्वतःची आठवण नाही. मागच्या महिन्यात याच बाईने याच काचेवर याच बोटाने धान्य घेतलं होतं, याचा त्याच्या आजच्या निर्णयाशी संबंध नसतो. प्रत्येक महिन्याला ते तिला नव्याने भेटतं आणि तिने आपली ओळख नव्याने पटवायची असते.

त्याचं घराणं जुनं आहे. बोटांवरचे शंख आणि चक्र मोजून मुलांचं भविष्य सांगणाऱ्या आज्या आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत्या. बोटांच्या रेषा माणसागणिक वेगळ्या असतात हे लोकांच्या नजरेत फार पूर्वी आलं होतं. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या उमटू लागतात, सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची घडण पक्की होते, आणि जुळ्या भावंडांच्या रेषाही एकसारख्या नसतात. सरकारी कामात त्या आल्या १८५८ साली. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर सही घेताना अख्ख्या पंजाचा ठसाही घेतला. कोनाईने उद्या करार नाकारू नये, हा त्यामागचा हेतू होता. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला पोलिसांचं बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधायची जी पद्धत तिथे बसवली गेली, तिला एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याचं नाव मिळालं. तिचं गणित आणि तिची मांडणी यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचा मोठा वाटा होता. १९०१ मध्ये तीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये गेली.

हा वंशवृक्ष लक्षात ठेवायला हवा, कारण घराण्याचा स्वभाव मशीनमध्ये उतरला आहे. ठसा घ्यायला सुरुवात झाली ती करार मोडणाऱ्याच्या संशयातून आणि वाढली ती गुन्हेगार पकडण्याच्या गरजेतून. समोरचा माणूस खोटं बोलत असेल असं धरून चालायचं आणि त्याने खरेपणा सिद्ध करायचा, ही पोलीस ठाण्यातली रीत आहे. रेशनच्या रांगेतली आजी त्या ठाण्यात कधी गेलेली नाही. तरी तिच्यापुढे प्रश्न तोच ठेवला जातो.

याच मातीत ओळखीची दुसरीही एक रीत होती. जुन्या मराठी कागदांवर लिहिता न येणारा कुणबी आपल्या नावापुढे नांगराची निशाणी काढायचा. तो काय काम करतो ते त्या निशाणीतून कळायचं. कागदावर साक्षीदारांची नावं असायची. हा अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, असं सांगणारी माणसं शेजारी उभी असायची. त्या व्यवहारात लबाडी नव्हती असं कुणी म्हणणार नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर निशाणी काढून सावकाराकडे जमिनी गेल्या, आणि १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं शोधून जाळली, हा आपलाच इतिहास आहे. तेव्हा निव्वळ माणसांच्या भरवशावर चालणारी व्यवस्था चांगली होती असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या निशाणीत माणसाच्या कामाला जागा होती. मशीनपुढे काम हाच अडथळा ठरतो.

त्याकडे वळण्याआधी मशीनच्या पदरात त्याचं श्रेय टाकायला हवं, कारण ते खरं आहे. ते येण्याआधी दुकानात वही होती. मेलेल्या माणसांच्या नावे धान्य उचललं जायचं, गाव सोडून गेलेल्या घरांची कार्डं दुकानदाराच्या पेटीत असायची, आणि वीस किलोचा हक्क असलेल्या बाईला "या महिन्यात एवढंच आलंय" म्हणत बारा किलो मिळायचे. वहीत मात्र वीसची नोंद व्हायची. ती वही तपासायला येणारा साहेबही पुष्कळदा वहीपुरताच यायचा. मशीन आल्यावर हक्क किती याची छापील पावती बाईच्या हातात पडू लागली. ती वाचणारं एखादं शाळकरी पोर घरात असलं की वजनात केलेली चोरी उघडी पडते. कोणत्या दुकानातून कधी किती धान्य गेलं हे संकेतस्थळावर पाहता येतं. ज्यांनी वहीचा काळ पाहिला आहे ते मशीनला सरसकट वाईट म्हणणार नाहीत.

त्याचं दुसरं काम याहून मोठं आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सुरुवात ज्या दोन जोड्यांत झाली, त्यांतली एक महाराष्ट्र आणि गुजरात यांची होती. पुढे ही सोय देशभर गेली. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पूर्वी त्यांचं कार्ड गावात आणि पोट कारखान्याच्या तळावर अशी स्थिती असायची. पाच-सहा महिन्यांचं धान्य सुटायचं किंवा दुसऱ्याच्या घशात जायचं. आता तळाजवळच्या कोणत्याही रेशन दुकानात जाऊन बोट ठेवलं तर आपला वाटा मिळू शकतो. कार्डाचं पुस्तक बरोबर नसलं तरी चालतं. गाव सोडून पोटामागे जाणाऱ्या माणसाचा हक्क त्याच्याबरोबर चालत गेला, ही लहान गोष्ट नाही. या देशातल्या गरिबाला इतकी उपयोगी वस्तू सरकारने क्वचित दिली आहे.

आणि नेमकं इथेच त्याचं अपयश सुरू होतं. ऊसतोड करणाऱ्या बाईचे हात पाहावेत. उसाच्या पात्याच्या कडा धारदार असतात, त्या बोटं चिरतात. पहाटेच्या थंडीत पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहनात चढवायच्या. दोन महिन्यांत बोटांच्या टोकांवरच्या रेषा घासून सपाट होतात, त्यांवर चिरा पडतात. मशीनला हव्या असलेल्या खुणा त्या चिरांत हरवतात किंवा चिरांमुळे नसलेल्या खुणा दिसू लागतात. कातडीच्या आतल्या थरात मूळ नक्षी शाबूत असते, म्हणून काम थांबलं की काही आठवड्यांत रेषा बहुधा परत वर येतात. म्हणजे ती गावात घरी बसलेली असते तेव्हा मशीन तिला ओळखतं, आणि परमुलखात राबत असताना, जेव्हा त्या धान्याची तिला सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा ओळखत नाही.

तिच्याबरोबर या रांगेत आणखी पुष्कळ जण आहेत. सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्याचे आणि बिगारी बायांचे हात क्षार खातो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायांची बोटं पान आणि तंबाखू चोळून गुळगुळीत होतात. वीटभट्टीवर विटा वाहणारे, सोडा-साबणात दिवसभर भांडी घासणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या. कुष्ठरोगात बोटं गमावलेले. कर्करोगावरच्या काही औषधांनी तळहातांची साल जाऊन ठसे पुसले गेलेले. आणि सगळ्यांत जास्त म्हातारी माणसं, कारण वयाने कातडी कोरडी आणि सैल होते, रेषांची उंची कमी होते. ही यादी वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते. मशीन ज्यांच्यासाठी आणलं त्यांचेच हात त्याला वाचता येत नाहीत. मऊ, निगा राखलेलं, लेखणीपलीकडे काही न उचललेलं बोट ते पहिल्या झटक्यात ओळखतं. पण ती बोटं रेशनच्या रांगेत येत नाहीत.

मग काचेपाशी जे चालतं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पाहायला मिळेल. बोट आधी पदराला पुसलं जातं. मग पाण्याने धुतलं जातं. "आजी, जरा दाबून ठेवा." "दाबलंय की रे बाबा." "आता दुसऱ्या हाताचं." तर्जनी, मधलं बोट, परत अंगठा. कुणी केसांवरून बोट फिरवून तेलाचा हात लावतं, कुणी व्हॅसलीनची डबी पुढे करतं. मागच्या रांगेतून सल्ले येतात. दर खेपेला पडद्यावर ३०० हा आकडा आणि त्यापुढे ठसा जुळत नसल्याचा संदेश उमटतो. "आजी, सकाळी लवकर या, थंड वेळेला लागतो कधी कधी." त्या 'सकाळी लवकर'साठी तिचा एक रोज बुडतो. तिसऱ्या खेपेला ती नातवाला घेऊन येते, त्याचा अंगठा लागला तर. नातू शाळा बुडवून आलेला असतो.

या ३०० आकड्याच्या आत काय आहे हे समजून घ्यायला हवं, कारण तिथेच सगळा गैरसमज आहे. ठशांच्या तुलनेत पक्कं हो किंवा पक्कं नाही असं काही नसतं. एकच बोट कणकेच्या गोळ्यावर दोनदा दाबून पाहिलं तर दोन खुणा सारख्या येत नाहीत. काचेवरही तसंच होतं. दाब बदलतो, कोन बदलतो, घाम बदलतो. म्हणून तुलना करणारी आज्ञावली दोन ठशांना साम्याचे गुण देते. किती गुणांवर माणूस खरा मानायचा ती रेघ माणसांनी ठरवलेली असते. रेघ खाली आणली तर परका माणूस आत शिरू शकतो. वर नेली तर खरा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. जगातल्या कुठल्याही ठसा, बुबुळ किंवा चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला हा नियम लागू आहे. तेव्हा मशीनचं 'नाही' म्हणजे एवढंच, की आजच्या ठशाला रेघेइतके गुण पडले नाहीत. समोरची बाई ती नाही, असं मशीन म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. पण दुकानात त्याचा अर्थ तोच घेतला जातो, आणि पिशवी रिकामी परत जाते.

हे अपयश किती मोठं, याचे आकडे सरकारी कागदांतच आहेत. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात ओळख न पटण्याच्या प्रमाणाचे अंदाज दिले होते: झारखंडसाठी ४९ टक्के, राजस्थानसाठी ३७, गुजरातसाठी ६. मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारी सेवांत ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के असल्याचं मांडलं. शंभरातले बारा जण, असा तो हिशेब उलट बाजूने वाचावा लागतो. त्यांतले काही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पास होत असतील, घरातल्या दुसऱ्याचा अंगठा चालत असेल. तरी दर बारामागे एखादंच घर रिकाम्या हाताने परतलं असं धरलं तरी देशाच्या मापाने ती संख्या लाखांत जाते. पुढे महालेखापरीक्षकांनी प्राधिकरणाचं काम तपासलं तेव्हा २०१८-१९ मधल्या ठसे-दुरुस्त्यांपैकी ७३ टक्के दुरुस्त्या लोकांनी स्वतःहून, पदरचं शुल्क भरून करून घेतल्याचं आढळलं. नोंदणीच्या वेळी ठसा नीट घेतला गेला नाही, याचा भुर्दंड ज्याचा ठसा त्यानेच सोसला.

आधार योजनेची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिला आधार क्रमांक एका गावकरी बाईच्या हाती दिला गेला. ज्यांच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही त्यांना ओळख मिळेल, हे तेव्हाचं वचन होतं. त्या वचनाची किंमत मी कमी लेखत नाही. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, जमिनीचा नाही, अशा माणसाला कुठल्याही कचेरीत काय वागणूक मिळते हे ज्याला ठाऊक आहे तो ती कमी लेखणार नाही. पण वचन ओळख देण्याचं होतं. तीच ओळख दर महिन्याला काचेवर परत मागण्याचं त्यात नव्हतं.

२०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मेली. घरात काही दिवस अन्न नव्हतं आणि रेशन कार्ड आधारशी जोडलेलं नसल्याने रद्द झालं होतं, असं कुटुंबाचं आणि अन्नहक्काचं काम करणाऱ्यांचं म्हणणं. मृत्यू भुकेने नव्हे, मलेरियाने झाला, असं प्रशासनाचं म्हणणं. मृत्यूच्या कारणावर वाद झाला. कार्ड बंद होतं यावर झाला नाही. त्यानंतर महिन्याभरात, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नये. दुसऱ्या ओळखपत्रावर धान्य द्यावं आणि वेगळ्या वहीत नोंद करावी. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने अनुदान आणि धान्यासाठी आधार वापरणं चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवलं, आणि ठसा जुळला नाही तरी लाभ अडता कामा नये, हेही बहुमताने मानलं. एकटं विरोधी मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं होतं. माणसाची प्रतिष्ठा आणि त्याचे हक्क गणिती शक्यतांवर टांगून ठेवता येणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं. रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

मशीनची भावंडंही आता घरात आली आहेत. नव्या यंत्रांना बुबुळ वाचणारा कॅमेरा असतो. बुबुळाची नक्षी कामाने झिजत नाही. हात नसलेल्या, बोटं नसलेल्या माणसांना तिचा मोठा आधार आहे. २०२३ मध्ये केरळमधल्या बोटं नसलेल्या एका तरुणीला बुबुळांवरून आधार दिला गेला आणि बाकीच्यांसाठीही तशीच सोय करण्याच्या सूचना निघाल्या. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे मात्र ती यंत्रंही कधी अडखळतात. सगळ्यांत धाकटं भावंड चेहरा ओळखणारं. ते मोबाइलमध्येच राहतं. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून देता येतो, रेशन कार्डाची ई-केवायसीही घरबसल्या चेहरा दाखवून करता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, हे मोलाचं आहे. पण तेही गुणच मोजतं आणि त्याच्याही आत तीच रेघ आहे.

हाच चेहरा पुणे-मुंबईच्या विमानतळांवर डिजियात्राच्या दारात दाखवला जातो. तिथे ओळख पटली नाही तर शेजारच्या दाराने जायचं, ओळखपत्र दाखवायचं, दोन मिनिटं उशीर. विमानाने जाणाऱ्याला यंत्राने नाकारलं तर त्याच्यासाठी दुसरं दार आधीच उघडं ठेवलेलं असतं आणि तिथे माणूस उभा असतो. रेशनच्या रांगेतल्या बाईलाही ते दार कायद्याने दिलेलं आहे. वहीत नोंद करून, दुसरं ओळखपत्र पाहून, नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या अंगठ्यावर धान्य देता येतं. पण त्या दाराची पाटी दुकानात क्वचित दिसते, तो अधिकारी त्या दिवशी दुसऱ्या गावात असतो, आणि दुकानदाराला भीती असते की असं जास्त वेळा केलं तर चौकशी त्याचीच लागेल.

त्या दुकानदाराबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. तो आजीला लहानपणापासून ओळखतो. तिचा नवरा कधी गेला, मुलगा कुठल्या तळावर आहे, तिला गहू सोसत नाही म्हणून ती तांदूळ मागते, हे सगळं त्याला ठाऊक आहे. मशीनने त्याच्या हातून चोरीची सोय काढून घेतली, हे चांगलं झालं. त्याच वेळी साक्ष देण्याचा अधिकारही काढून घेतला. ही आजी हीच आहे, असं छातीवर हात ठेवून सांगू शकणारा एकमेव माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो आणि त्याच्या शब्दाला किंमत नसते. करोनाच्या साथीत संसर्गाच्या भीतीने महाराष्ट्र सरकारने लाभार्थ्याचं बोट न घेता दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायला परवानगी दिली होती. तेव्हा धान्याचं वाटप बंद पडलं नाही. गरज पडली की यंत्राला बाजूला सारता येतं, हे तेव्हा सिद्ध झालं आहे.

आणखी एक काळजी आहे, ती बोटाच्या मालकाची. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. जमिनीच्या नोंदणीकृत कागदांवरचे ठसे संकेतस्थळावरून उतरवून त्यांचे रबरी ठसे बनवण्याचे आणि अंगठ्यावर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून गरिबांच्या खात्यातले पैसे काढण्याचे प्रकार देशात घडले आहेत. त्यानंतर प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नकली हे ओळखणारी तपासणी बसवली, ज्याला हवं त्याला आपले ठसे कुलूपबंद करून ठेवायची सोयही आहे. ही सोय वापरायला मोबाइल लागतो, वाचता यावं लागतं आणि अशी सोय आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून खातं सर्वांत लहान, तिथेच धोका सर्वांत मोठा राहतो.

मला हे मशीन दुकानातून हटवायचं नाही. तसं केलं तर परत वही येईल आणि वहीबरोबर सगळं आलंच. शिवाय उसाच्या फडात गेलेल्या जोडप्याचा वाटा त्यांच्यामागे चालत जातो तो या यंत्राच्या जोरावर, आणि तो थांबता कामा नये. मला त्याचा हुद्दा बदलायचा आहे. आज ते दुकानात न्यायाधीश आहे. त्याने कारकून व्हावं. जुळलं तर जुळल्याची नोंद करावी, नाही जुळलं तर नाही जुळल्याची नोंद करावी, आणि धान्य दोन्ही वेळेला मोजलं जावं. चौकशी नंतर होऊ दे. एखाद्या कार्डावर बारा महिने ठसा जुळला नाही तर तलाठ्याने किंवा पुरवठा निरीक्षकाने त्या घरी जावं. तिथे माणूस नसेल तर कार्ड बंद करावं, असेल तर त्याची बोटं पाहावीत आणि त्याला बुबुळाची सोय करून द्यावी. घरापर्यंत चालत जाण्याचे कष्ट सरकारने घ्यावेत. त्याच्या माणसांना पगार त्याचाच मिळतो.

आणि दुकानावर जसा भाव आणि साठा यांचा फलक असतो तसा मशीनच्या नापास होण्याचाही असावा: या महिन्यात इतकी कार्डं आली, इतक्यांचा ठसा जुळला नाही, त्यांतल्या इतक्यांना तरी धान्य दिलं. हा आकडा मशीनला आधीच माहीत असतो, तो लोकांनाही माहीत व्हायला हवा. म्हणजे ठसा न जुळणं हा आजीचा दोष राहणार नाही. ते यंत्राचं अपयश म्हणून मोजलं जाईल आणि त्याचं उत्तर यंत्र बसवणाऱ्याला द्यावं लागेल. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ मध्ये झाला, तो माणसांच्या पोटासाठी झाला. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की ज्याच्या बोटावर रेषा शिल्लक आहेत त्यालाच भूक लागते.